सांगोल्याचे वकील आबासाहेब

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग लग्नसराई, मग आंबे. आता कारणं संपली.

मध्यंतरी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका भाच्याने एक निरोप पुढे ढकलला. "देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेले आमदार, आपल्या सोलापूर जिल्ह्याचे गणपतराव देशमुख." खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. अभिमान वाटावा असंच आहे ते, पण शिक्षकाची खोड जात नाही. भाच्याला लिहिलं, बाबा रे, महाराष्ट्रात अकरा वेळा म्हण, ते पक्कं आहे. देशाचं म्हणशील तर केरळातले के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १९६५ पासून २०१६ पर्यंत तेरा वेळा निवडून आले. तामिळनाडूचे करुणानिधीही तेरा वेळा आले, पण मतदारसंघ बदलत बदलत. त्यावर भाच्याचं उत्तर आलं, "मामा, तुम्ही ना..." आणि पुढे तीन टिंबं.

पण त्या निमित्ताने डोक्यात चक्र सुरू झालं. आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्या आकड्यामागचा माणूस मुळात सांगोल्याच्या कोर्टातला वकील होता हे मात्र नव्या मुलांच्या गावीही नाही. आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. अकरा वेळा का निवडून आले यापेक्षा पहिल्यांदा कसे आले, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी सांगोल्याविषयी थोडं, कारण परदेशातली आमची पुतणे मंडळीही हे वाचतात. सांगोला म्हणजे सोलापूर जिल्ह्याचा नैर्ऋत्येकडचा तालुका. पलीकडे आटपाडी, जत, मंगळवेढा. इतिहासाच्या पुस्तकात १७५० चा सांगोल्याचा करार येतो, छत्रपतींच्या हातून कारभार पेशव्यांकडे गेला तो. आमच्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरतं तेवढंच सांगोलं माहीत. एकेकाळी 'सोन्याचं सांगोलं' म्हणत असत म्हणे. मी पाहिलं ते सांगोलं मात्र माण नदीच्या कोरड्या वाळूचं, कुसळांचं, खिल्लार बैलांचं आणि रविवारच्या जनावरांच्या बाजाराचं. पाऊस धड पाचशे मिलिमीटरही नाही, आणि जो पडतो तो बहुधा परतीचा. ज्वारी आणि बाजरी पिकली तर पिकली, नाहीतर मेंढरं घेऊन बाहेर पडायचं किंवा ऊसतोडीला जायचं.

अशा तालुक्याच्या गावी वकिली करायला जाणं म्हणजे काय, याची आज कल्पना येत नाही. गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. जन्म १९२६ चा. कायद्याची पदवी घेतली आणि सांगोल्यात येऊन वकिली सुरू केली. सोलापूर शहरात जिल्हा कोर्ट होतं, गिरण्या होत्या, व्यापारी पेढ्या होत्या. पैसेवाले पक्षकार तिथे. सांगोल्याला येणारा पक्षकार म्हणजे डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, धोतराच्या सोग्यात बांधलेले चार रुपये आणि पिशवीत भाकरी. तारखेच्या दिवशी पहाटे निघून दहा-बारा मैल चालत येणार, आणि "साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या" ऐकून परत चालत जाणार.

तो काळ लक्षात घ्या. १९४८ साली मुंबई राज्याचा कूळकायदा आला. पुढे त्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ हे कायद्याने त्या जमिनीचं मालक मानलं गेलं. कागदावर केवढी मोठी क्रांती! पण कागदावरची मालकी सातबाऱ्यावर यायला पुढे एक लांब वाट होती. कलम '३२ ग' ची नोटीस निघायची. शेतजमीन न्यायाधिकरण म्हणजे बहुतेक वेळा महसूल खात्यातलाच कुणी अधिकारी. त्याच्यापुढे कुळाने हजर राहून "मी जमीन घ्यायला तयार आहे" असं सांगायचं. मग आकारणीच्या वीस पटीपासून दोनशे पटीपर्यंत किंमत ठरणार, ती हप्त्याने भरायची. आणि कूळ हजरच राहिलं नाही तर? तर त्याला जमीन नको आहे असं धरून ती खरेदी निष्फळ ठरवायची!

आता विचार करा. अक्षरशत्रू माणूस. नोटीस तलाठ्यामार्फत आली की पाटलाच्या वाड्यावर पडून राहिली, कोण जाणे. मालक म्हणतो, "कशाला जातोस कचेरीत, मी आहे ना, तुझी जमीन कुठं जात नाही." कूळ पिढ्यान् पिढ्या त्याच्या शब्दावर जगलेलं. ते जात नाही. आणि तेवढ्यावर हक्क बुडतो. पीकपाहणीत कुळाचं नाव न लावता 'खुद्द' लिहिलं की आणखी एक दार बंद. हे सगळं समजावून सांगणारा, अर्ज लिहून देणारा, तारखेला बरोबर उभा राहणारा माणूस म्हणजे त्या कुळाच्या दृष्टीने सरकारच. तालुक्याच्या गावच्या वकिलाला लोक 'वकीलसाहेब' म्हणत, त्यात निम्मा मान आणि निम्मी आशा असे.

कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली बसलेल्या वकिलाला तालुक्यातल्या प्रत्येक गावची भाऊबंदकी माहीत असते. कुणाचा बांध कुणी कोरला, कुणाची विहीर सामाईक, कोणत्या वाडीला वहिवाटीचा रस्ता नाही, कोणत्या सावकाराने गहाणखताऐवजी खरेदीखत करून घेतलं. आमदार व्हायला निघालेल्या माणसाला याहून चांगली शाळा कुठली? अमेरिकेत अब्राहम लिंकन इलिनॉयमध्ये फिरत्या कोर्टाबरोबर घोड्यावरून गावोगाव हिंडत असत. उगीच तुलना करत नाही, पण जात एकच. पक्षकार म्हणून भेटलेला माणूस पुढे मतदार म्हणून भेटतो, आणि तो वकिलाला नीट ओळखून असतो. फी किती घेतली, खोटं बोलायला लावलं का, हरल्यावर तोंड चुकवलं का, हे सगळं त्याच्या लक्षात असतं.

शेतकरी कामगार पक्षात असे वकील बरेच होते. उस्मानाबादचे उद्धवराव पाटील, अलिबागचे दत्ता पाटील, पनवेलचे दि. बा. पाटील, सगळे कायदा शिकलेले आणि सगळे शेतकऱ्यांचे. हा काही योगायोग नसावा. पक्षाचा पाया शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी १९४७-४८ च्या सुमारास घातला. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने त्याला मार्क्सवादी दिशा दिली. पण प्रबंध वाचून खेड्यातला शेतकरी लाल बावट्याखाली येत नसतो. तो येतो खंड, कूळ, लेव्ही, सावकारी या रोजच्या कटकटींमुळे. आणि त्या कटकटी ज्याच्या टेबलावर रोज येतात तो वकील. सोलापूर शहरात लाल बावटा गिरणीच्या भोंग्याबरोबर आला, खेड्यात तो कोर्टाच्या तारखांबरोबर आला असं मला वाटतं. इतिहासकार हसतील कदाचित. हसोत.

पहिली निवडणूक १९६२ ची. आता या सालाचं विशेष बघा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या जोरावर १९५७ ला विरोधकांनी पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला पाणी पाजलं होतं. पण १९६० ला महाराष्ट्र मिळाला आणि समितीचा प्रश्नच संपला. यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण जोरात सुरू झालं. खुद्द जेधे आणि मोरे त्याआधीच काँग्रेसमध्ये परत गेले होते. कराडकडचे यशवंतराव मोहितेही गेले. शेकापमध्ये राहणं म्हणजे ओसरत्या पुरात उभं राहणं. १९६२ ला विधानसभेच्या २६४ जागांपैकी काँग्रेसला २१५ मिळाल्या, शेकापला १५. त्या पंधरांतला एक सांगोल्याचा हा पस्तिशीतला वकील.

ज्या वर्षी भले भले विरोधक आडवे झाले त्या वर्षी हा नवखा माणूस निवडून आला. जमीन कमाल धारणेचा कायदाही नेमका त्याच वर्षी, २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला आणि जिल्हा परिषदाही त्याच वर्षी १ मेला सुरू झाल्या. म्हणजे कोर्टात ज्या कायद्यांवर भांडायचं ते कायदे जिथे होतात तिथे जाऊन बसण्याची वेळ अगदी योग्य होती.

पण जिल्हा परिषदा आणि साखर कारखाने यांनी एक वेगळंच यंत्र उभं केलं. कर्ज सोसायटीकडून, ऊस कारखान्याकडे, शाळा आणि रस्ता जिल्हा परिषदेकडून, आणि या सगळ्याची दोरी काँग्रेसच्या हातात. ज्या आमदाराच्या हाती कारखाना नाही, त्याच्या हाती देण्यासारखं असतं काय? एक अर्ज लिहून देणं आणि एक प्रश्न विचारणं. गणपतराव १९६७ ला पुन्हा निवडून आले, पण १९७२ ला हरले. काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील आले. देशभर इंदिराबाईंची लाट होती. १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली आणि आबासाहेब परत आले. (त्याच १९७४ मध्ये करमाळ्याच्या पोटनिवडणुकीतून आमच्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे पहिल्यांदा आमदार झाले. कोर्टातला शिपाई, मग फौजदार, मग आमदार. एका जिल्ह्यातले, कोर्टाच्या आवारातून निघालेले दोन रस्ते, एक दिल्लीपर्यंत गेला आणि एक सांगोल्यातच फिरत राहिला. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.)

१९७२ आणि १९७४ च्या मध्ये काय झालं हे आमच्या पिढीला सांगायला नको. दुष्काळ! अन्नापेक्षा हाताला काम नाही याचा दुष्काळ. खडी फोडायला गेलेली पाटलाची सून आणि गड्याची बायको एकाच ढिगाऱ्यावर बसलेल्या. सुकडी, तांबडी मिलो, पाझर तलाव, नाला बंडिंग हे शब्द त्या दोन वर्षांत घरोघरी झाले. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना त्या काळात मोठी झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम हा हक्क कायद्याने देणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. श्रेय एकट्यादुकट्याचं नाही. पागे काँग्रेसचे, पण हा प्रश्न धसाला लावण्यात विरोधी बाकांवरच्या दुष्काळी भागातल्या आमदारांचा वाटा मोठा होता. १९७८ ला शेकापचे तेरा आमदार आले, शरद पवारांचं पुलोद सरकार बनलं आणि गणपतराव मंत्री झाले. त्याच्या थोडं आधी विरोधी पक्षनेतेपदही त्यांच्याकडे होतं. पुढे १९९९ ला विलासरावांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे आलेलं खातं कोणतं? रोजगार हमी! सांगोल्याच्या माणसाकडे याहून शोभेल असं खातं नव्हतं. २००२ मध्ये रायगड जिल्हा परिषदेवरून शेकापने पाठिंबा काढला तेव्हा तेही सुटलं. पक्षाने सांगितलं, सोडलं. इतकं सोपं.

आता थोडं मी पाहिलेलं. १९८५ च्या निवडणुकीत माझी ड्यूटी सांगोला तालुक्यातल्या एका वाडीवर लागली. मी तेव्हा पंढरपूरकडे शिकवत होतो. एसटीने, मग ट्रकने, मग शेवटचे दोन मैल मतपेटी डोक्यावर घेतलेल्या कोतवालामागे चालत. शाळा एकखोली, समोर बाभळ, पाणी अर्ध्या कोसावरून. सकाळी सात वाजता बायकांची रांग लागली ती दुपारपर्यंत हलली नाही. एक म्हातारी आली, बोटाला शाई लावून घेतली, मतपत्रिका हातात घेतली आणि मोठ्याने विचारलं, "वकिलाचा खटारा कंचा?" केंद्राध्यक्ष घाबरले. आजीबाई, असं बोलायचं नसतं, गुप्त असतं. त्यावर म्हातारी म्हणाली, "गुपित कशाला? म्या काय चोरी करतीया व्हय?" सगळी रांग हसली. काँग्रेसचा पोलिंग एजंटसुद्धा हसला. तेवीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा आमदार झालेल्या, मंत्री होऊन आलेल्या माणसाला ती अजून 'वकील' म्हणत होती, ते माझ्या चांगलं लक्षात राहिलं.

एसटीतून फिरणारे आमदार म्हणून त्यांच्या गोष्टी पुष्कळ सांगतात. साधेपणाचं कौतुक मलाही आहे. पण दरवेळी त्या एसटीवरच गाडी थांबते याचा थोडा कंटाळा येतो. साधं राहणं चांगलं, पण साधं राहून केलं काय, हे विचारायला नको का? आमच्या मास्तरांच्या पेन्शनर कट्ट्यावर यावरून दरवेळी जुंपते. एक मित्र (नाव सांगत नाही, तो हे वाचतो) ठामपणे म्हणतो, "पन्नास वर्षं एकच माणूस आमदार, आणि तालुका पन्नास वर्षं कोरडा. मग उपयोग काय त्या निष्ठेचा? काँग्रेसमध्ये गेले असते तर पाणी वीस वर्षं आधी आलं असतं. अकलूजकडे बघा, पंढरपूरकडे बघा." हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. तालुक्यातल्या बायकांनी डोक्यावर वाहिलेल्या हंड्यांचा हिशेब त्यात आहे.

मी यावर बराच विचार केला आहे. पाण्याची गोष्ट नीट पाहू. सांगोल्याला नीरा उजव्या कालव्याचं पाणी आहे, पण ते शेपटाचं. वरच्या फलटण-माळशिरसचं भागून उरलं तर. उजनीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं, ते भीमेवर, सांगोल्याहून खालच्या अंगाला आणि दूर. खरं पाणी यायचं ते कृष्णेचं, आणि कृष्णा तर सह्याद्रीच्या कुशीत. मध्ये चढ. म्हणजे पाणी उचलून आणायला हवं. बच्छावत लवादाने १९७६ मध्ये महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिले आणि २००० सालानंतर फेरविचार होणार असं ठरलं. म्हणजे त्याआधी आपल्या वाट्याचं पाणी अडवणं भाग. पण त्यातलं दुष्काळी तालुक्यांना किती? १९९३ पासून आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींनी तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवायला सुरुवात केली. अण्णा म्हणजे प्रतिसरकारातले क्रांतिकारक, आणि त्यांच्या शेजारी वर्षानुवर्षं बसलेले आबासाहेब. मागणी एकच, पाणी समान वाटा. ज्याच्या शेतात ऊस त्यालाच पाणी, असं नाही. १९९६ मध्ये कृष्णा खोरे महामंडळ झालं, टेंभू योजनेला मंजुरी मिळाली. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलायचं, बावीस टीएमसी, ऐंशी हजार हेक्टर, सातारा-सांगली-सोलापूर मिळून सात तालुके, आणि शेवटचा तालुका सांगोला! पुन्हा शेपूट. वरच्या तालुक्यांचं झाल्यावर, विजेचं बिल कोण भरणार हे ठरल्यावर, पाणी माणेच्या पात्रात यायला विसावं शतक संपून एकविसाव्याचं पहिलं दशकही उलटलं.

तर मित्राचा मुद्दा असा की सत्तेत असते तर लवकर झालं असतं. माझं म्हणणं असं की शेजारच्या किती दुष्काळी तालुक्यांत सत्तेतलेच आमदार होते! जतला पाणी कधी पोचलं? माणला? खटावला? भूगोल पक्ष बघत नाही. उलट सत्तेतला आमदार गप्प बसतो, कारण वरच्या तालुक्यातला ऊसवाला त्याच्याच पक्षाचा नेता असतो. समान वाटपाची मागणी मोकळ्या गळ्याने करायला विरोधी बाकावरचाच माणूस लागतो. मित्र हे मान्य करत नाही. मीही त्याचं सगळं मान्य करत नाही. पण एवढं मला कबूल आहे की निष्ठेची किंमत फक्त निष्ठावंत देत नाही, त्याच्या मतदारांनाही ती द्यावी लागते. सांगोलेकरांनी ती जाणूनबुजून दिली का, हा प्रश्न उरतोच.

जे हातात होतं ते मात्र केलेलं दिसतं. कापसाचं बोंडही न पिकणाऱ्या तालुक्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. महाराष्ट्रातल्या बंद पडलेल्या सहकारी सूतगिरण्या मोजायला बसलात तर रात्र पुरायची नाही, त्यात ही चालली. डाळिंबाचंही तसंच. १९९० च्या सुमारास रोजगार हमीतून फळबाग लावायला सरकारने अनुदान दिलं आणि सांगोल्याच्या माळावर बोर आणि डाळिंब पसरलं. कमी पाण्यावर, ठिबकवर, मुरमाड रानात. आधी 'गणेश', मग 'भगवा'. कोरडी हवा डाळिंबाला मानवते, म्हणजे जो शाप होता तोच कामाला आला. सोलापूरला २००५ मध्ये डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आलं. मग तेल्या रोग आला, आणि २०२० नंतर खोडकिडीने बागाच्या बागा उपटायची वेळ आली. शेती आहे, एक पीक जिंकतं, एक हरतं. हे सगळं आबासाहेबांचं कर्तृत्व म्हणणार नाही. घाम शेतकऱ्यांचा. पण रोहयो, फळबाग आणि दुष्काळी तालुका यांची गाठ कुठे बसते हे कायद्याच्या बाजूने समजणारा आमदार असणं हे त्या तालुक्याचं नशीब.

१९९५ ची गोष्ट सांगायलाच हवी. १९९० पर्यंत सलग जिंकलेले आबासाहेब त्या वर्षी काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांकडून हरले. किती मतांनी? १९२! एका शाळेच्या दोन वर्गांतली मुलं. तेव्हा मतपत्रिका होत्या, गठ्ठे बांधून हातांनी मोजायच्या, बाद मतांवरून वाद व्हायचे. मोजणीची ड्यूटी केलेल्यांना माहीत आहे, शिक्का रेघेवर पडला की टेबलाभोवती कशी गर्दी होते ती. सत्तरीकडे झुकलेला माणूस १९२ मतांनी हरल्यावर बहुतेक जण घरी बसतात, किंवा कोर्टात जातात. हे तर वकील! पण लोकांत फिरत राहिले आणि १९९९ ला परत निवडून आले. मग २००४, २००९, २०१४. शेवटच्या वेळी वय सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी आणि मताधिक्य पंचवीस हजारांच्या घरात. त्या विधानसभेत शेकापचे सगळे मिळून आमदार तीन.

त्यांच्या धनगर समाजाची मतं तालुक्यात मोठ्या संख्येने आहेत, हेही लोक सांगतात, आणि ते खरं आहे. निवडणुकीत जात मोजली जात नाही असं म्हणणारा मास्तर मी नाही. पण नुसत्या जातीवर माणूस बावन्न वर्षांत अकरा वेळा येत नाही. तसं असतं तर १९७२ आणि १९९५ ला हरले नसते.

२०१९ ला त्यांनी वयामुळे थांबायचं ठरवलं. आणि इथे मला थोडं खटकलं ते लिहितो. पक्षाने आधी दुसऱ्या एका कार्यकर्त्याचं नाव जाहीर केलं होतं, ते बदलून नातवाला, डॉ. अनिकेत देशमुखांना उभं केलं. कार्यकर्त्यांचाच आग्रह होता म्हणतात. असेलही. पण आयुष्यभर वाडे आणि घराणी यांच्याविरुद्ध लढलेल्या पक्षालासुद्धा शेवटी घराण्याचंच नाव लागावं? शहाजीबापू, आता शिवसेनेचे, ७६८ मतांनी जिंकले. पुन्हा तीन आकडी फरक. हेच बापू २०२२ मध्ये गुवाहाटीहून फोनवर झाडी, डोंगर आणि हाटेलाचं वर्णन करून रातोरात देशभर प्रसिद्ध झाले. सांगोल्याचं नाव एका दिवसात जेवढं झालं तेवढं अर्ध्या शतकात झालं नव्हतं! माणदेशी बोलीचा गोडवा निर्विवाद. बाकी असो.

आबासाहेब ३० जुलै २०२१ ला सोलापुरात गेले. कोरोनाचे दिवस होते, तरी सांगोल्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. २०२४ च्या निवडणुकीत महाविकास आघाडीतल्याच उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेने सांगोल्यात वेगळा उमेदवार दिला, तरी शेकापकडून दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख उभे राहिले आणि पंचवीस हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. त्या निवडणुकीत अख्ख्या महाराष्ट्रात शेकापला मिळालेली जागा ही एवढी एकच. दोन्ही नातू डॉक्टर आहेत. कूळकायद्याच्या तारखा संपल्या, आता लोक आमदाराकडे दवाखान्याची चिठ्ठी मागायला येतात.